छत्तिसावं ताट

12 जून 2023. गाळ्याची किल्ली मिळाली. नवी पेठेतल्या जुन्या वाड्याचा तळमजला. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे दगडी पायरी. आधी इथे झेरॉक्सचं दुकान होतं, भिंतीवर 'रंगीत प्रिंट' ही अक्षरं अजून आहेत. समोरून सतत मुलं जातात, पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली. स्पर्धा परीक्षेची मुलं. परभणी, धाराशिव, नंदुरबार अशी कुठून कुठून आलेली. घरून नऊ वर्षं डबे दिले याच मुलांना. आता त्यांना बसून, ताटात गरम वाढायचं.

परवाना हातात येईपर्यंत इथे शेगडी पेटवायची नाही, असं ठरवलं आहे. घरचे डबे जुन्या नोंदणीवर चालू राहतील. गाळ्याचं भाडं मात्र आजपासून सुरू.

*

सगळे 'लायसन्स काढायचं' म्हणतात. जणू दात काढायचा आहे. नेमकं कुठलं लायसन्स, ते कुणी सांगत नाही, कारण एका नावाखाली चार-पाच कागद असतात. शॉप अॅक्ट वेगळा, जुनी माणसं त्याला अजून गुमास्ता म्हणतात. 2017च्या कायद्यापासून दहापेक्षा कमी कामगार असतील तर त्यासाठी फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. ते एका दुपारी झालं. महापालिकेचं वेगळं. अग्निशमनाचं वेगळं. आणि खरा खाण्यापिण्याचा परवाना अन्न व औषध प्रशासनाचा, 2006च्या अन्न सुरक्षा कायद्याखालचा. हा कायदा प्रत्यक्ष लागू झाला 5 ऑगस्ट 2011ला. त्याआधी 1954चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता.

दोन नावांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. जुना कायदा भेसळ पकडायला निघालेला. नवा म्हणतो, अन्न सुरक्षित आहे ना ते आधी सांग, मगच चूल पेटव.

*

हिशेब, 2023च्या नियमांप्रमाणे:

दोन वेळचं जेवण, महिना 2,800 रुपये. रविवारी दुपारी गोड, संध्याकाळी सुट्टी.

वर्षाची उलाढाल 12 लाखांपर्यंत असेल तर नुसती नोंदणी. फी वर्षाला 100 रुपये. त्यावर 20 कोटींपर्यंत राज्याचा परवाना, आमच्यासारख्यांना वर्षाला 2,000 रुपये. जीएसटीची रेघ 20 लाखांवर, तिथवर आपण पोचत नाही.

35 मुलं धरली तर महिना 98,000, वर्ष 11,76,000. नोंदणी पुरते.

36 मुलं धरली तर महिना 1,00,800, वर्ष 12,09,600. परवाना लागतो.

उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हे घरात दोनदा समजावून सांगावं लागलं. डाळ, तेल, गॅस, पगार, भाडं जायच्या आधीचा आकडा.

*

एजंट येऊन गेला. गल्लीतल्या तिघांची कामं त्याने केली आहेत म्हणे. नोंदणी करून देण्याचे 8,000 मागितले. पाच वर्षांची सरकारी फी 500. मी उलाढालीचा कागद पुढे केला. तो म्हणाला, "काकू, पस्तीस लिहा. कोण मोजायला येतंय? पाणी नको, नकाशा नको, झंझटच नको." मग म्हणाला, "मिस्टरांचं आधार आणि फोटो द्या."

मी विचारलं, त्यांचं कशाला?

"मालक म्हणून लागेल ना."

हे बँकेत नोकरी करतात. गेल्या नऊ वर्षांत त्यांनी एकदाही कणीक भिजवलेली नाही, आणि तसं त्यांचं म्हणणंही नाही. चहा देऊन एजंटाला वाटेला लावलं.

*

रात्री झोप आली नाही ती त्या 'पस्तीस लिहा'मुळे.

छत्तिसावा मुलगा येणारच. जूनमध्ये नाही तर ऑगस्टमध्ये येईल. दारात उभा राहून विचारेल, "काकू, जागा आहे का?" मी नाही म्हणणार नाही. मग तो रोज माझ्यासमोर बसून जेवेल आणि कागदावर नसेल. जेवत्या माणसाला पानावरून उठवू नये, हे आमच्याकडे परकर-पोलक्याच्या वयापासून शिकवलेलं. खोटा आकडा लिहिणं म्हणजे तेच झालं. पान मांडायचं, वाढायचं, पैसे घ्यायचे, आणि वर कुणी विचारलं की इथे कुणी बसलंच नव्हतं म्हणायचं.

परवानाच काढणार. छत्तीसच काय, चाळीस लिहिणार.

*

हेही लिहून ठेवायला हवं. डबे सुरू केले तेव्हा पहिली सहा वर्षं माझ्याकडे नोंदणी नव्हती. घरातून दहा डबे द्यायलाही ती लागते, हे ठाऊकच नव्हतं. आमच्या सोसायटीत चकल्या विकणाऱ्या, पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या चौघी आहेत, त्यांतल्या तिघींना आजही ठाऊक नाही. अन्न सुरक्षा नियमांच्या परिशिष्ट चारच्या पाचव्या भागात हॉटेलं, उपाहारगृहं, कँटीनं यांच्याबरोबर आसपास डबे पोचवणाऱ्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे कायद्याने आम्हाला पाहिलेलं आहे. ते आम्हाला येऊन सांगायचं मात्र राहिलं.

*

लाइट बिल अजून वाडामालकांच्या आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. भाडेकरार, मालकांचं ना हरकत पत्र, वारसाची नोंद, सगळं जुळवण्यात आठ दिवस गेले.

*

नकाशा. स्वयंपाकघराचा आराखडा मापासकट द्यायचा होता. मुलाच्या भूमितीच्या वहीतले चौकोनी कागद घेतले आणि टेप घेऊन बसले.

कट्टा कुठे, शेगड्या कुठे, धान्याचे डबे कुठे, भांडी कुठे घासायची, हात कुठे धुवायचे, कचरा कुठून बाहेर जाणार. कागदावर काढलं तेव्हा लक्षात आलं की मी भाजी चिरायचा कट्टा मोरीला लागून धरला होता. खरकट्या ताटांचं पाणी उडून थेट चिरलेल्या कोबीवर येणार होतं. उभ्याने पाहताना हे दिसलं नव्हतं. कट्टा खिडकीखाली नेला. हात धुवायचं बेसिन वेगळं घेतलं. कच्चं एका बाजूने आत येईल, शिजेल, दुसऱ्या बाजूने ताटात जाईल. दोन्हींच्या वाटा कुठे एकमेकींना ओलांडू नयेत.

आजी असती तर म्हणाली असती, हे आम्ही करतच होतो. खरं आहे, तिच्या घरात उष्टं, खरकटं, शिळं, ताजं यांच्या सीमा कडक होत्या. पण त्याच सोवळ्याने कोणत्या माणसाने कुठवर यायचं तेही ठरत होतं. आमच्याकडे दळण आणून देणारी बाई तीस वर्षं उंबऱ्याबाहेर बसली. माझ्या या नकाशात माणसांना अडवणारी एकही रेघ नाही. हात धुतलेले असले की कुणीही कट्ट्यापाशी यावं.

*

पाणी.

पिण्याजोगं असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल हवा. मला वाटलं, महापालिकेचं पाणी, खडकवासल्याचं, त्यात काय बघायचं? प्रयोगशाळेने निर्जंतुक बाटली दिली. तळाशी चिमूटभर पांढरी पूड होती. मी ती धुऊन टाकणार होते, तिथल्या मुलीने थांबवलं. पाण्यातलं क्लोरीन बाटलीत जंतूंना मारत राहिलं तर खरी मोजणी होत नाही, म्हणून ती पूड आधीच घातलेली असते. नळाचं तोंड पुसून, ज्योतीने तापवून, पाणी थोडं वाहू देऊन मग बाटली भरायची. बर्फाच्या डब्यातून लगेच पोचवायची.

अहवाल नापास आला. कोलिफॉर्म जंतू सापडले, ई. कोलायसुद्धा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही चालत नाही.

पाणी महापालिकेचं होतं, टाकी वाड्याची होती. अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण तडकलेलं, आणि शेजारून सांडपाण्याचा नळ गेलेला. वाड्यातली चार बिऱ्हाडं हेच पाणी प्यायची. वरच्या मजल्यावरच्या आजींचं पोट कायम बिघडलेलं, त्या वयावर ढकलायच्या.

टाकी उपसली. तळाशी वीतभर गाळ. घासली, ब्लीचिंग पावडरने धुतली, झाकण नवं केलं, नळ लांबून वळवला. निम्मा खर्च मालकांनी दिला, निम्मा मी. दहा दिवसांनी दुसरा अहवाल आला, स्वच्छ.

'पस्तीस लिहा' म्हणणारा म्हणाला होता, पाणी नको. ते पाणी मी पस्तीस मुलांना पाजलं असतं.

*

5 जुलै. अर्ज भरला. 'फॉसकॉस' या सरकारी संकेतस्थळावर, रात्री अकरा ते दीड. भरला तो सगळा इंग्रजीत. मला जमलं, कारण मुलगा शेजारी बसला होता. माझ्याकडच्या पोळीवाल्या मावशी उद्या स्वतःचं केंद्र काढायचं म्हणाल्या तर? दुकानाची पाटी मराठीत हवी, असा नियम 2022पासून छोट्या दुकानांनाही लागू झाला. चांगलंच झालं. पण पाटी रस्त्यावरून जाणाऱ्याने वाचायची असते आणि अर्जाखाली सही मालकिणीची असते. ती कशाखाली सही करते आहे, हे तिला तिच्या भाषेत कळायला हवं. यावर कुणीतरी ठासून बोललं पाहिजे.

मालक या रकान्यात माझं नाव.

*

नियमात असंही आहे, की पूर्ण अर्ज मिळाल्यापासून 60 दिवसांत परवाना मिळाला नाही आणि त्रुटीही कळवली नाही, तर धंदा सुरू करता येतो. नोंदणीला ही मुदत 7 दिवसांची. हे एजंट सांगत नाहीत. कॅलेंडरवर 60वा दिवस लाल पेनाने गोल करून ठेवला, 3 सप्टेंबर.

दोन महिन्यांचं भाडं 44,000. माझ्याजवळ भिशीचे होते म्हणून निभावलं. ज्यांच्याजवळ नसतील त्यांनी आधी चूल पेटवली आणि मग अर्ज केला, तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. मुदत कमी करावी असं मात्र म्हणेन.

*

कामाला आम्ही चौघी. मी, पोळ्यांच्या दोन मावशी, भांड्यांची एक. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करायची, त्याचा ठरलेला नमुना आहे. त्वचा, जखमा, नखं, डोळे बघायचे. पोटाच्या साथींवरची, म्हणजे टायफॉइडसारख्या रोगांवरची लस द्यायची.

मोठ्या मावशी तीस वर्षं लोकांकडे पोळ्या करताहेत. रोजच्या दोनशे तर सहज. बाळंतपणं सोडली तर डॉक्टरांनी त्यांना कधी हात लावलेला नाही. दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या, उठेचनात. मग हळूच म्हणाल्या, "ताई, काही निघालं तर काढून टाकाल का?"

मी नाही म्हटलं. तरी बसून राहिल्या. पुन्हा नाही म्हटलं. तेव्हा आत गेल्या.

हिमोग्लोबिन 7.8 निघालं. डॉक्टर म्हणाले, या उभ्या कशा राहतात? लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी त्या म्हणाल्या, जिना चढताना दम लागत नाही, मला वाटलं होतं वय झालं.

नियम सांगतो, ज्याला जुलाब, उलट्या, कावीळ, पिकलेली जखम असेल त्याला अन्नापासून दूर ठेवा. बरोबरच आहे. पण दूर ठेवलेल्या दिवसाचा पगार? पगार कापला तर ती जुलाब लपवेल आणि पोळ्या लाटायला येईल, हे कुणाही बाईला विचारा. म्हणून आमच्या हजेरीच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलं: आजारपणाची रजा भरपगारी. मुलांच्या पोटाचं रक्षण आधी इथून होतं, साबण त्यानंतर.

*

थर्मामीटर घेतला, लांब सुईचा. शिजलेलं गरम ठेवायचं तर 60 अंशांच्या वर, थंड ठेवायचं तर 5 च्या खाली. मधला सगळा पट्टा जंतूंचा.

घरी करून पाहिलं. दुपारी दीडला उतरवलेला भात, पातेल्यात झाकून, चारला 41 अंश. याच भाताला रात्री फोडणी घालायचो. फोडणीने वास जातो, चव येते. पण शिजलेल्या भातात टिकून राहणारे जे जंतू असतात, त्यांनी एकदा सोडलेलं विष तापवून जात नाही. म्हणजे इतकी वर्षं नशिबाची साथ होती.

भात आता दोन खेपांत लावायचा. उरलाच तर परातीत पसरून लगेच निववून फ्रीजमध्ये.

*

तळणीचं तेल. 1 जुलै 2018पासून नियम आहे, तेलातले ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्र आमच्याजवळ नाही. रविवारच्या पुऱ्यांचं तेल दुसऱ्यांदा तळणीला घ्यायचं नाही, एवढा साधा नियम केला.

*

व्यावसायिक सिलिंडर, 19 किलोचे. घरचा लाल सिलिंडर इथे चालत नाही. गॅसवाल्याने तांब्याची नळी टाकून दिली, सिलिंडर बाहेर जाळीत ठेवले. याला महागडी हौस म्हणणारे भेटले. ऑक्टोबर 2015मध्ये कुर्ल्यातल्या एका हॉटेलात गॅसने भडका उडून आठजण गेले. त्यांत बहुतेक कॉलेजची मुलं होती, जेवायला आलेली. मला त्यानंतर कित्येक दिवस जेवताना त्या मुलांचे आईवडील आठवायचे.

*

आत्याची आठवण या सगळ्यात सारखी येते.

लालबागच्या चाळीत तिची खाणावळ होती. म्हणजे दहा बाय बाराची खोली, त्यातच संसार आणि त्यातच अकरा गिरणी कामगारांचं दोन वेळचं जेवण. पाळी बदलेल तशा पंगती बदलायच्या. पैसे महिन्याच्या पगाराला. तोवर वाण्याची उधारी आणि व्याजाने आणलेले पैसे. मंगळसूत्र वर्षातले सात-आठ महिने गहाण असायचं. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. अख्खी गिरणी त्यांच्या भाकरीवर चालायची आणि कुठल्याही दफ्तरात त्या धंदेवाल्या म्हणून नव्हत्या. 1975मध्ये प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते या बायकांना बँकेच्या दारात उभं करायला. आत्या कर्जाच्या कागदावर सही करता यावी म्हणून अक्षरं शिकली. मंगळसूत्र सुटलं.

18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कामगार गावी गेले. सहा-सात जणांची बाकी तिच्या वहीत राहिली. ती वही तिने देवरुखला नेली, अजून आहे. बाकी मागायला ती कधीच गेली नाही. म्हणते, त्यांच्याकडे होतं काय?

परवान्याला लोक कटकट म्हणतात तेव्हा मला ती वही दिसते. आत्याच्या स्वयंपाकात काही कमी नव्हतं. तिच्या स्वयंपाकाला धंदा म्हणणारा एक कागद तेवढा नव्हता.

*

2 ऑगस्ट. अन्न सुरक्षा अधिकारी आले. तरुण, हातात फाइल. आल्या आल्या आमच्या बेसिनवर साबणाने हात धुतले, मगच आत आले. मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

पाण्याचे दोन्ही अहवाल बघितले. मी नापास झालेला काढून ठेवला नव्हता. टाकी बघायला अंगणात गेले, झाकण उचलून पाहिलं. कचऱ्याच्या डब्याला पायाने उघडणारं झाकण हवं म्हणाले. कट्ट्यावरच्या दिव्याला आवरण हवं, फुटला तर काच अन्नात पडेल. खिडकीला जाळी होती, तिचा एक कोपरा सुटलेला, तोही दाखवला. पीठ जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा, भिंतीला चिकटवू नका. पस्तीस मिनिटं होते. चहा घेतला नाही, पाणी घेतलं. आमच्याच नळाचं.

चारही गोष्टी दोन दिवसांत केल्या आणि फोटो पाठवले.

*

19 ऑगस्ट. पंचेचाळिसावा दिवस. परवाना आला.

चौदा आकडे. जुन्या नोंदणीचा नंबर 2ने सुरू व्हायचा, हा 1ने. पुढचे 15 म्हणजे महाराष्ट्र. त्यापुढचे 23 म्हणजे वर्ष. मुलाने छापून आणला, हात धुवायच्या बेसिनवर लावला, जेवायला येणाऱ्याला आधी तोच दिसेल असा.

*

पहिल्या दिवशी बावीस ताटं. वरण-भात, मटकीची उसळ, दोडक्याची भाजी, पोळ्या, ताक. उसळ कमी पडली.

*

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा दारात आला. हिंगोलीचा. महिन्याचे पैसे दोन हप्त्यांत चालतील का, असं आधी विचारलं आणि मग जागा आहे का, असं. वहीत नाव लिहिलं तेव्हा अनुक्रमांक 36 होता. त्याला काही सांगितलं नाही. भाकरी हवी की पोळी, तेवढं विचारलं.

*

आत्याला देवरुखला फोन केला. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं. फी किती पडली, किती फेऱ्या झाल्या, काहीच विचारलं नाही. म्हणाली, "कागदावर नाव कुणाचं आहे?"

"माझं."

"वाचून दाखव."

मी नाव वाचलं, पत्ता वाचला, मग नंबर वाचायला लागले. एक, एक, पाच. तिकडून काहीतरी शोधल्याचा आवाज आला.

"थांब," ती म्हणाली. "वही आणते. सावकाश सांग, लिहून घेते."